माझी साखर त्या दिवशी ठीक होती

नांदुऱ्याच्या एका पतसंस्थेच्या दप्तरी माझ्या सहीचा एक खुलासा आहे. नंदनवन कॉलनीतल्या लिलावाच्या दिवशी माझ्या रक्तातली साखर एकदम उतरली, डोकं गरगरलं आणि त्या अवस्थेत मी लोकांसमोर काहीबाही बोललो, असं त्यात लिहिलं आहे. सही माझीच आहे. मजकूर खोटा आहे. त्या दिवशी मी सकाळी भाकर आणि बेसन खाऊन, गोळी घेऊन निघालो होतो. जे बोललो ते शुद्धीवर असताना, आदल्या आठवड्यात ठरवून आणि मुद्दाम मोठ्या आवाजात बोललो.

तुमच्या हातातला हा अंक तालुक्यात घरोघर जातो, म्हणून इथे लिहितो आहे. संस्थेच्या आत्ताच्या व्यवस्थापकाला मी आधी सांगून पाहिलं की तो खुलासा मला मागे घ्यायचा आहे. तो म्हणाला, "ढोले काका, आता कायले उकरून राह्यले? मानसं विसरली सारी." माणसं विसरली असतील. कागद विसरलेला नाही. त्या कागदामुळे आजही एका बाईचं घर टांगणीला लागलेलं आहे. तिच्याकडे शेवटी येतो. आधी काम काय होतं ते सांगतो, कारण ते ठाऊक असल्याशिवाय बाकीचं कळायचं नाही.

मी विशेष वसुली अधिकारी होतो. हुद्दा भारदस्त, पण काम म्हणजे लोकांच्या दारात उभं राहणं. कर्जाचे हप्ते थकले की संस्था सहकार खात्याकडून वसुलीचा दाखला आणते. मग माझ्यासारखा माणूस नोटीस देतो, घरावर जप्तीचा कागद डकवतो, गावात डफडं वाजवून लिलावाची तारीख सांगतो आणि त्या तारखेला दारातच बोली पुकारतो. खालची किंमत सरकारी कचेरीतून ठरून आलेली असते, तिच्याखाली बोली घेता येत नाही. आमच्याकडे तिला सगळे 'अपसेट' म्हणतात. "अपसेट किती आहे हो सायेब?" असं विचारत पानटपरीवरची रिकामी माणसंही लिलावाला येतात. बोली लावायची नसते, बघायचं असतं.

लोकांना वाटतं की घर विकलं की कर्ज फिटलं. बहुतेक वेळा फिटतं. पण कर्ज बारा लाख आणि घराला मात्र सातच लाख येतात, अशी पाळी आली की लिलाव म्हणजे दोघांचंही नुकसान. घर जातं, वर पाच लाख डोक्यावर राहतात, आणि संस्था ते वसूल करायला जामीनदारांच्या पगारावर जाते. संस्थेलाही ते पैसे धड मिळत नाहीत. तरी लिलाव होतात, कारण लिलाव झाला की फाइल हलल्यासारखी दिसते.

नंदनवन कॉलनीचं असंच झालं. आमचा घाटाखालचा मुलूख, त्यात पूर्णेच्या आजूबाजूचा भाग खारपाणपट्ट्याचा. जमिनीखालचं पाणी खारट. इथल्या जुन्या लोकांना ते ठाऊक असतं, ते बांधकामाला गोडं पाणी टँकरने आणतात. नंदनवनच्या बिल्डरने पैसे वाचवायला तिथेच बोअर मारलं आणि त्याच पाण्यात सिमेंट कालवलं, त्याच पाण्याने भिंती भिजवल्या. घराची किंमत ठरवणारा आमचा मूल्यांकनकार घाटावरचा, बुलढाण्याचा. त्याने नवा रंग पाहिला, फरशी पाहिली, आकडा लिहिला आणि तो दुपारच्या बसने परत गेला. संस्थेने त्या आकड्यावर कर्ज दिलं. दोन पावसाळे गेले आणि भिंतींना खार फुटला. खालचा पोपडा हाताने निघायचा. आत पांढरी भुकटी. लोखंडी चौकटी गंजल्या. मग नांदुऱ्यात जो तो म्हणू लागला की नंदनवनात फुकट दिलं तरी नको. कर्ज मात्र जसंच्या तसं.

तिथला पहिला लिलाव मी केला. घर देवराव इंगळ्यांचं. एसटीत मेकॅनिक होते, पाठीच्या दुखण्याने बिनपगारी रजेवर पडले आणि हप्ते थकले. आमच्याकडे एक रीत आहे. कुठे लिहिलेली नाही, पण लिलावाला येणारे पाळतात. ज्या घरात चूल पेटलेली आहे त्या घरावर बोली लावायची नाही. त्या दिवशी माणसं दारात उभी, डफडं वाजून झालेलं, मी किंमत पुकारलेली, आणि आतून कांद्याच्या फोडणीचा वास आला. एकजण चपलेकडे बघत होता, एक निघायला लागला. मी आत गेलो. इंगळेवहिनी कढईपुढे उभ्या होत्या. मी म्हणालो, "वहिनी, थोडा वेळ गॅस बंद करा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण हात हलवला नाही. मग मीच बटन फिरवलं.

बाहेर येऊन मी घराची तारीफ केली. पूर्वेचं तोंड, मोठा ओटा, बसस्टँड जवळ. खारट भिंतीपुढे कपाट होतं, ते मी हलवू दिलं नाही. घर अपसेटच्या थोडं वर गेलं. संस्थेच्या वार्षिक सभेत मला शाल मिळाली. अहवालात छापलं, 'कर्जदाराने स्वखुशीने ताबा दिला.' इंगळ्यांचे दोन जामीनदार पुढे कित्येक वर्षं पगारातून हप्ते भरत होते. त्यातला एक त्यांचा सख्खा साडू. त्या दोन घरांचं बोलणं बंद झालं, ते शेवटपर्यंत.

यावर मी जास्त लिहिणार नाही. क्षमा मागायला इंगळ्यांच्या घरी गेलो होतो. देवराव म्हणाले, "तुमी तुमचं काम केलं." याच्याइतकं वाईट मला कोणी काही बोललेलं नाही.

त्यानंतर मी लिलावाचा कागद हातात घेण्याआधी इतर वाटा शोधायला लागलो. वाटा होत्या, फक्त त्यांना मेहनत लागायची. कोणाचा हप्ता अर्धा करून मुदत लांबवली. मुलं मोठी होऊन कमवायला लागेपर्यंत तग धरायचा, एवढंच. एका गुरुजींना मी मागच्या खोलीत जायला लावलं आणि पुढचा भाग शिकवणीवाल्याला भाड्याने दिला, भाडं परस्पर कर्जखात्यात. गुरुजी महिन्याने आले आणि म्हणाले, "ढोले सायेब, जन्मभर म्या पोरायले शिकवलं, आता दिवसभर भिंतीपलीकडून गनित आयकून राह्यलो. चुकीचं शिकवते तो." मी म्हटलं, भाडं वेळेवर देते ना? "हाव, ते देते." मग शिकवू द्या.

एकाला मी सांगितलं की घराला गिऱ्हाईक तूच शोध. डफडं वाजलेल्या घराला लोक पडत्या भावात मागतात. तेच घर मालकाने चार पाहुण्यांना विचारून विकलं तर लाखभर जास्त येतं. उरलेलं कर्ज आम्ही त्याच्या नावावर छोटं वेगळं कर्ज म्हणून टाकलं आणि जामीनदार मोकळे केले. एक तर तणतणत आला आणि चाव्यांचा जुडगा माझ्या टेबलावर आपटला. "घ्या बाप्पा तुमचं घर. मले नको." मी जुडगा परत त्याच्या हातात दिला. म्हटलं, चावी द्यायची असेल तर आधी संस्थेकडून लिहून घे की घर घेतलं आणि कर्ज संपलं. नुसती चावी देशील तर घरही जाईल आणि नोटीसही येईल. तो म्हणाला, "तुमी कोनाच्या बाजूचे हो?" प्रश्न बरोबर होता. संचालक मंडळही तेच विचारायला लागलं होतं.

मग मुख्तारभाईंचं प्रकरण आलं. मुख्तारभाई कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. जिनिंग बंद पडल्यावर त्यांनी वेल्डिंगचं छोटं दुकान टाकलं. हप्ते दीड वर्ष थकले होते. ते स्वतः संस्थेत आले, अध्यक्षांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, आज बाजारात या घराचं जे येईन ते मी देतो. भावानं थोडे देले, बायकोचे दागिने हायेत. एकरकमी घ्या, वरचं सोडा. घर मले राहू द्या."

ही झाली एकरकमी तडजोड. लिलावात मिळणार त्याच्यापेक्षा जास्त रक्कम माणूस हातात घेऊन उभा होता. मी अध्यक्षांना तसं सांगितलं. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "ढोले, एकाले सोडलं का सारी कॉलनी हात वर करन. ठेवीदाराले म्या काय सांगू? लिलाव करा."

"लिलावात याच्यापेक्षा कमीच येईन."

"येऊ द्या. लिलाव झाला हे तं दिसन."

मी तीनदा अर्ज लिहून दिला, तडजोड मान्य करावी म्हणून. तिन्ही वेळा उत्तर एकच, तारीख लावा. मी तारीख लावली. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याला पाठवलं असतं, आणि त्याने ओट्याची तारीफ केली असती.

लिलावाच्या सकाळी कॉलनीत बरीच माणसं होती. बोली लावणारे खरे चार-पाच, त्यांत शेगावचा एक दलाल. मुख्तारभाई दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या बेगम नजमाभाभी पडद्याआड उभ्या. डफडं थांबलं. मी जाहीरनामा वाचला. गट नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा. कागद घडी करून खिशात टाकला आणि म्हणालो, "आता मालमत्तेचं वर्णन. नीट ऐका, नंतर मला कोणी दोष देऊ नका."

मी हातातल्या छत्रीचं टोक भिंतीला लावलं आणि खाली ओढलं. पोपडा हातभर निघाला आणि मुख्तारभाईंच्या पायाशी पडला. मी ती पांढरी भुकटी तळहातावर घेऊन दलालापुढे धरली. "चाखून बघा."

"काय आहे हे?"

"मीठ. साऱ्या घरभर आहे. गिलावा काढून नवा केला तरी परत येतं, कारण ते विटांत गेलंय. स्लॅबचं लोखंड गंजायला लागलंय, मागच्या खोलीत वर बघा. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. प्यायचं पाणी टँकरचं. नळयोजना येणार म्हणतात, मी इथे नोकरीला लागल्यापासून येणार आहे."

माणसं हसायला लागली. मुख्तारभाई खुर्चीवरून उठले. "सायेब, इतकं बी खराब नाही हो घर."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. "चौकटी बघा," मी म्हणालो, "दरवाजा पावसाळ्यात लागत नाही आणि उन्हाळ्यात उघडत नाही."

पडद्याआडून नजमाभाभींचा आवाज आला. "ओ सायेब! हमारे घर कू ऐसा कायकू बोलते? तुम्हारे घर में चूना नै झडता क्या?"

"झडतो भाभी. पण माझं घर लिलावात नाही."

शेगावच्या दलालाने रुमालाला हात पुसले. "ढोले सायेब, तुमी इकाले आले का मोडाले आले?"

"वर्णन खरं सांगणं हे माझं काम आहे. बोला, अपसेटवर कोण आहे?"

मी तीनदा पुकारलं. कोणी बोललं नाही. दलाल स्कूटरकडे गेला, त्याच्यामागे बाकीचे. डफडेवाला मला म्हणाला, "सायेब, असं तं म्या आजपर्यंत नाही पाह्यलं." मी पंचनाम्यावर लिहिलं, बोली आली नाही, आणि तिथेच त्याची सही घेतली.

बोली आली नाही की संस्थेपुढे दोन वाटा उरतात. घर स्वतःच्या नावावर चढवून मीठ सांभाळत बसायचं, नाहीतर कर्जदाराशी बोलायचं. महिन्याभरात मंडळाने मुख्तारभाईंची तडजोड मान्य केली. त्यांना कर्ज संपल्याचा दाखला मिळाला. तेव्हा ते मला भेटायला आले नाहीत. मला वाईट वाटलं, पण कारण कळत होतं.

आता सहीकडे येतो. माझ्यावर चौकशी लागली. संस्थेच्या मालमत्तेची बदनामी करून नुकसान केलं, असा आरोप. तेव्हाचे व्यवस्थापक गावंडे, माझे मित्र. ते घरी आले आणि म्हणाले, "ढोले, ग्रॅच्युइटी अडकन. तुमाले शुगर आहेच. साखर उतरली होती असं लिहा, मी मिटवतो." माझ्या बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं होतं, मुलाची नोकरी लागायची होती. मी सही केली. प्रकरण मिटलं. मला लोणार तालुक्यात सुलतानपूरला पाठवलं, तिथून निवृत्त झालो. सुलतानपूरचं पाणी गोड आहे, तक्रार नाही.

त्या सहीने काय झालं हे मला उशिरा कळलं. कॉलनीतल्या खोडकेबाई, अंगणवाडी सेविका. नवरा वारल्यावर कर्ज त्यांच्या डोक्यावर आलं. त्यांनी अर्ज केला की घराचं मूल्यांकन पुन्हा करा, भिंतीत मीठ आहे, खुद्द तुमच्या वसुली अधिकाऱ्याने लिलावात तसं सांगितलं होतं. घराची खरी किंमत कागदावर आली की तडजोड त्या किमतीवर होते, आणि तेवढे पैसे त्यांचा भाऊ द्यायला तयार आहे. संस्थेने उत्तर दिलं की सदर अधिकारी त्या दिवशी आजारी होते, त्यांचं बोलणं ग्राह्य धरता येत नाही. सोबत माझा खुलासा जोडला होता. खोडकेबाई तो घेऊन माझ्याकडे आल्या. रागावल्या नाहीत. "काका, हे तुमची सही हाय ना?" एवढंच विचारलं.

मी हो म्हणालो. मग त्यांच्यासोबत संस्थेत गेलो, आणि बुलढाण्याला सहकार खात्यातही गेलो. तिथल्या साहेबाने मला पाणी दिलं आणि म्हणाला, तुमचं वय झालं आहे, जुना कागद तुमच्याच सहीचा आहे, आता कोणतं खरं मानायचं? मी म्हटलं, माणूस पाठवा आणि भिंत खरवडून बघा. भिंत तरी आजारी नव्हती ना. त्याने अर्ज ठेवून घेतला आहे. तो अजून तिथेच आहे. दरम्यान खोडकेबाईंच्या दारावर जप्तीचा कागद लागला. लिलावाची तारीख दिवाळीनंतर लागेल असं म्हणतात.

मागच्या महिन्यात नजमाभाभींनी निरोप पाठवला. मी गेलो. घर बरं ठेवलं आहे, खालच्या भागाला टाइल लावल्या आहेत. त्यांच्या मुलाचं, सलीमचं, लग्न ठरायचं आहे आणि मलकापूरच्या मुलीकडचे पाहायला येऊन गेले. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की हे ते मिठाचं घर. बोलणी थांबली.

"तुमने बोला था," भाभी म्हणाल्या. "पूरी कॉलनी के सामने बोला था. अब तुमच बोलो, उन के सामने. घर अच्छा है, मजबूत है."

मुख्तारभाई मान खाली घालून बसले होते. "सायेब, ते बोलते तं बोलू द्या. तुमच्यामुळंच घर राह्यलं, हे म्या तिले कितीकदा सांगतलं."

"घर राह्यला, इज्जत गई," भाभी म्हणाल्या.

मी म्हटलं, "भाभी, मी बोलतो. मलकापूरला येतो, हवं तर शपथेवर सांगतो की घर उत्तम आहे. पण पलीकडे खोडकेबाईंचं घर आहे. दिवाळीनंतर तिथे डफडं वाजेल. मी आज तुमचं घर चांगलं म्हटलं, की उद्या दलाल म्हणणार, ढोलेच म्हणतो नंदनवन चांगलं आहे. लावा बोली."

त्यांनी खिडकीतून पलीकडे पाहिलं. मग मुख्तारभाईंकडे वळून म्हणाल्या, "वो अंगनवाडीवाली? जो अपने सलीम कू गोद में ले के खिचडी खिलाती थी?"

"हाव, तेच."

भाभींनी ओढणी सावरली. "तो फिर मत बोलो," त्या मला म्हणाल्या. "मलकापूरवाले कू मैं देख लूंगी. उस का होते तक तुम खराबच बोलो. और खराब बोलो."

म्हणून बोलतो. मी, ढोले, निवृत्त विशेष वसुली अधिकारी, पूर्ण शुद्धीवर असताना छापून देतो की नांदुऱ्याच्या नंदनवन कॉलनीतली सगळी घरं खराब आहेत. भिंतींत मीठ आहे, लोखंड गंजलेलं आहे, पाण्यात डाळ शिजत नाही. दिवाळीनंतर तिथे कोणीही बोली लावायला जाऊ नये. गेलात तर मी छत्री घेऊन दारात उभा असेन.